तारण

सांगलीत गणपती पेठेतून हरभट रोडकडे चालत निघालं की थोड्या थोड्या अंतरावर एकच पाटी भेटत राहते: सोने तारण कर्ज. अशाच एका पाटीखाली मी सव्वीस वर्षं बसले. एका पतसंस्थेत, तारणाच्या काउंटरवर. दागिना घ्यायचा, सराफाकडून कस लावून घ्यायचा, वजन लिहायचं, पाकिटात घालून लाखेचं सील मारायचं, वर खातेदाराची सही नाहीतर अंगठा. आणि रविवारी सकाळी चर्चमध्ये पुन्हा तोच शब्द, तारण. 'प्रभू येशू माझा तारणारा' हे मी बोलायला लागल्यापासून म्हणत आले आहे. पण सोमवार ते शनिवारचं तारण आणि रविवारचं तारण यांची गाठ माझ्या मनात पडायला फार वर्षं गेली.

काउंटरवरचा आणखी एक शब्द आहे, नवं-जुनं. वर्षाची मुदत संपली की खातेदार येतो, व्याज भरतो आणि त्याच दागिन्यावर तेवढ्याच रकमेचं नवं खातं काढतो. याला नवं-जुनं करणं म्हणतात. कागद नवा, तारीख नवी, मुद्दल तेच. दागिना तिजोरीतून हललेलाही नसतो. मुलीच्या बारशानंतर ठेवलेला गोफ तिच्या लग्नापर्यंत नवं-जुनं होत राहिलेला मी पाहिला आहे. व्याजात गोफाची किंमत दोनदा जाऊन आलेली असायची, तरी खातेदार आमचेच आभार मानून जायचा.

माझा विश्वास कित्येक वर्षं असाच चालला होता. रविवारी पापांगीकार करायचा, डोळे पुसायचे, आठवडाभर जपून वागायचं, बुधवारपर्यंत कुठेतरी पाय घसरायचा, आणि पुढच्या रविवारी पुन्हा व्याज घेऊन हजर. पाळकसाहेब बायबलमधल्या प्रेषित पौलाचं वचन वाचायचे, जुनं होऊन गेलं, पाहा, नवं झालं आहे. मी आमेन म्हणायचे. मनात मात्र मुद्दल तसंच. देवाचं माझ्यावर काहीतरी येणं आहे, आणि ते फिटेपर्यंत त्याच्यासमोर ताठ मानेनं उभं राहण्याचा मला हक्क नाही, ही भावना माझ्यात इतकी मुरलेली होती की तिलाच मी भक्ती समजत होते.

ही भावना आली कुठून ते मला ठाऊक आहे. माझे आजोबा सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या एका गावात सालगडी होते. पाडव्याला उचल घ्यायची आणि पुढच्या पाडव्यापर्यंत राबायचं. साल संपताना हिशोब व्हायचा तेव्हा अंगावर काहीतरी बाकी निघायचीच, म्हणून पुढचं साल धरायचं. नवं-जुनंच ते, फक्त तारण ठेवलेला दागिना म्हणजे स्वतः आजोबा. आमची घरं गावकुसाबाहेर. मालकाच्या वाड्यात त्यांची कपबशी गोठ्याच्या वळचणीला खोचलेली असायची. पपा मिशनच्या शाळेत शिकले, साताऱ्यात मास्तर झाले, पुढे मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, वडील (पंच) झाले. सालगड्याच्या मुलाला जे मिळालं ते सगळं आपण फेडायचं आहे असं त्यांना जन्मभर वाटत राहिलं. मिशनला फेडायचं, मंडळीला फेडायचं, देवाला फेडायचं. घरात कुणी उशिरा उठलं तरी त्यांचा आवाज चढायचा नाही. एवढंच म्हणायचे, "आपल्याला असं चालणार नाही." हे 'आपल्याला' माझ्या हाडात शिरलं.

आता त्या मावशींचं सांगते. कवठे महांकाळकडच्या कोरडवाहू गावातल्या. दुष्काळाच्या एका वर्षी बोरमाळ ठेवून गेलेल्या. नंतर दर महिन्याला, पाच तारखेच्या आसपास, पदराच्या गाठीतून नोटा सोडून व्याज भरायच्या. वर्ष झालं की नवं-जुनं. असं सात वर्षं चाललं. त्यांचा मुलगा सैन्यात होता. एकदा सुट्टीवर आला तेव्हा तो स्वतः येऊन मुद्दल आणि व्याज मिळून सगळं खातं मिटवून गेला. दागिना मात्र खातेदाराच्याच हातात द्यायचा नियम, म्हणून बोरमाळ तिजोरीत राहिली. आईला पाठवतो म्हणाला आणि ड्यूटीवर गेला.

पाच तारखेला मावशी आल्या. पदराची गाठ सोडली. "बाई, ह्या म्हयन्याचं याज घ्या."

मी म्हटलं, "मावशी, तुमचं खातं मिटलं. मुलानं सगळं भरलं. माळ घेऊन जा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "असं कसं मिटंल? पोरगं म्हनलं व्हतं, पर त्याला काय ठावं आमी किती घेतलं व्हतं ते." मी पावती दाखवली. त्यांना वाचता येत नव्हतं. सही करून पाकीट घ्या म्हटल्यावर तर त्या घाबरल्याच. काहीतरी घोटाळा असेल, उद्या दुप्पट मागतील. नोटा पुन्हा गाठीत बांधल्या आणि माळ न घेताच गेल्या. पुढच्या महिन्यात शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला घेऊन आल्या. त्यानं पावती मोठ्यानं वाचली. बाकी शून्य. मावशींनी त्याला ती तीनदा वाचायला लावली.

तो मधला महिना माझ्या डोक्यातून आजवर गेलेला नाही. महिनाभर माळ त्यांचीच होती. कर्ज नव्हतं, व्याज नव्हतं, कुणाचा त्यांच्यावर एक रुपयाचा हक्क नव्हता. आणि त्या मात्र महिनाभर कर्जदार म्हणून जगल्या. मुलाचे पैसे खरे होते, खातं खरंच बंद होतं. कमी पडलं ते एवढंच, की पावती खरी मानता आली नाही.

विश्वासानं तारण मिळतं असं आम्ही म्हणतो ना, तिथे माझी समजूत कायम चुकत होती. मला वाटायचं, विश्वास हीच ती रक्कम. पुरेसा विश्वास साठला की आपलं खातं मिटेल. म्हणून मी माझा विश्वास सारखी मोजत बसायचे, आज किती, काल किती. पण मावशींनी पावतीवर विश्वास ठेवला म्हणून कर्ज फिटलं नाही. कर्ज आधीच फिटलं होतं, दुसऱ्यानं फेडलं होतं. विश्वास म्हणजे फक्त ते पाकीट घ्यायला पुढे केलेला हात. तो हात थरथरत असला तरी चालतो. पौल कलस्सै गावच्या मंडळीला पत्र लिहिताना जो ग्रीक शब्द वापरतो, खिरोग्राफोन, त्याचा सरळ अर्थ स्वतःच्या हातानं लिहून दिलेला कर्जाचा कागद. तो कागद देवानं खोडला आणि वधस्तंभाला खिळला, असं तो म्हणतो. मी सव्वीस वर्षं असे कागद हाताळले. मिटलेल्या खात्याच्या कागदावर आडवी रेघ मारताना पेनाचा जो आवाज होतो तो मला ओळखीचा आहे. तरीही स्वतःच्या कागदावरची रेघ मला दिसत नव्हती.

गलतीकरांना लिहिलेलं पौलाचं पत्र पपांना तोंडपाठ होतं. आजच्या तुर्कस्तानात पडणाऱ्या त्या मंडळ्यांना पौलानं ते इ.स. 50च्या सुमारास लिहिलं. भांडण असं होतं, की यहुदी नसलेल्यांनी ख्रिस्तावर विश्वास ठेवला तरी त्यांनी सुंता करून मोशेच्या नियमशास्त्राखाली आलंच पाहिजे, नाहीतर ते अर्धेच. पौल या पत्रात रागावलेला आहे. त्याच्या इतर बहुतेक पत्रांच्या सुरुवातीला आभार असतात, इथे तेही नाहीत. आणि दुसऱ्या अध्यायात तो अंत्युखियातली हकीकत सांगतो. येशूचा शिष्य पेत्र तिथे यहुदी नसलेल्यांबरोबर जेवत होता. यरुशलेमेहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसं आली तशी त्यांच्या भीतीनं तो मागे सरला, वेगळा राहू लागला. पौलानं सगळ्यांदेखत तोंडावर त्याचा निषेध केला.

शब्बाथ शाळेत पपा ही गोष्ट सांगायचे तेव्हा म्हणायचे, "पेत्र पंगतीतून उठला." बस्स, एवढंच वाक्य. आम्हा पोरांना पुढचं समजावून सांगावं लागायचं नाही. पंगतीतून उठणं म्हणजे काय ते साताऱ्यातल्या पोराला विचारा. ज्यांच्या आजोबांची कपबशी वळचणीला होती त्यांच्यासाठी हे पत्र ताटाचं पत्र आहे. आजोबा मंडळीत आले तेव्हा पहिल्या प्रीतिभोजनाला ते भिंतीकडेला उकिडवे बसले होते म्हणे, आणि कुणीतरी दंडाला धरून त्यांना मधल्या ओळीत आणलं. विश्वासानं नीतिमान ठरणं हे शब्द त्यांना उच्चारता आले नसते. मधल्या ओळीत बसणं त्यांना कळलं.

म्हणूनच मला हे लिहावंसं वाटतं, की आपल्या मंडळ्यांत अजून सोयरिकीच्या वेळी आवाज खाली करून 'मूळचे कोण?' असं विचारतात, तेव्हा आपण पेत्रासारखे पंगतीतून उठत असतो. ही बारीकशी रीत नव्हे. ज्या कागदावर रेघ मारली गेली तोच आपण कचऱ्यातून उचलून परत वाचतो आहोत. पौलाला ज्याचा राग आला तेच हे.

पण मी दुसऱ्यांचं काय सांगते. माझा स्वतःचा सालगडीपणा माझ्याच घरात होता.

आई गेल्यावर पपांना मी सांगलीला माझ्याकडे आणलं. अकरा वर्षं. धाकट्या भावानं त्याआधी धंद्यासाठी साताऱ्याचं घर गहाण टाकायला लावलं होतं. धंदा बुडाला, घर गेलं, आणि तो मुंबईला निघून गेला. दारूही लागली होती. सहा वर्षं त्याचा पत्ता नव्हता. पपांचं पथ्य, औषधं, रात्रीची उठबस, शेवटी मिरजेच्या दवाखान्यातल्या फेऱ्या, सगळं मी केलं. मायेनं केलं असं मला वाटत होतं. पपा मात्र दर संध्याकाळी एकच विचारायचे, "तो आला का?"

एक दिवस तो आला. दवाखान्यात, खांद्याला एक पिशवी, केस पांढरे झालेले. पपांनी त्याला बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "दाढी कर माझी." माझ्या हातून ते दाढी करून घेत नसत, न्हावी बोलवायला लावत. भावानं साबण लावला. त्याचे हात कापत होते, हनुवटीखाली दोन ठिकाणी कापलं, आणि पपा डोळे मिटून शांत पडून राहिले. लहान मुलासारखे.

मी बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिले. तो मागून आला तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "इतकी वर्षं मी करतेय." आणि ते बाहेर पडताक्षणी मला ऐकू आलं. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. लूकच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायात येशूनं सांगितलेली दोन मुलांची गोष्ट आहे. धाकटा वाटणी उधळून परत येतो, बाप त्याच्यासाठी मेजवानी करतो. थोरला मुलगा शेतातून येतो, आत वाजतंय-गाजतंय हे कळतं, तो बाहेरच उभा राहतो आणि बापाला म्हणतो, 'पाहा, मी इतकी वर्षे तुमची सेवाचाकरी करत आहे.' मूळ ग्रीकमध्ये तिथे गुलामासारखं राबण्याचं क्रियापद आहे. हा मुलगा बापाच्या घरात सालगडी म्हणून राहिला होता. शेत त्याचं, गोठा त्याचा, आणि तो मनातल्या मनात हिशोब लिहितोय. धाकट्यानं निदान परदेशात जाऊन डुकरं राखली. थोरल्यानं घरातच राखली.

भाऊ एवढंच म्हणाला, "ताई, मला ठाऊक आहे."

त्या रात्री मी पपांजवळ बसले होते. मी काही बोलले नव्हते, पण बापाला कळतं. म्हणाले, "तू माझ्याकडं कधी काही मागितलंच नाहीस गं." त्यांच्या आवाजात तक्रार होती. बावन्नाव्या वर्षी मला बापाकडून कळत होतं की मी त्यांची मुलगी आहे, ऋणको नाही. त्या दवाखान्याच्या लोखंडी स्टुलावर मी जितकी रडले तितकी ते गेल्यावरही रडले नाही.

एका रात्रीत सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडात झाला. पण ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, अशी साक्ष त्यांनी पुढे स्वतः दिली आहे. तो भेटायला आणखी आठेक वर्षं गेली. ज्या बाईनं केडगावच्या संस्थेचं नावच मुक्ती ठेवलं तिला इतका वेळ लागला, याचा मला फार आधार वाटतो. आणि आमच्या साताऱ्यात येऊन राहिलेले कवी नारायण वामन टिळक. त्यांचा बाप्तिस्मा 1895चा. त्यानंतर बावीस वर्षांनी, 1917 साली, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' उभारला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना, दोघांनाही जागा होती. दोन वर्षांनी, 1919च्या मे महिन्यात, ते गेले. साठीकडे झुकलेला, हाती दोनच वर्षं उरलेला माणूस पगार सोडतो. मला तो दरबारातला मुलगा दिसतो, चाकर नव्हे.

आता एक प्रश्न, जो पपांना शब्बाथ शाळेत दरवर्षी कुणीतरी विचारायचंच. सगळं फिटलं असेल तर मग वाटेल तसं वागायला मोकळं रान? पौलालाही लोकांनी हेच विचारलं होतं. तो म्हणतो, तुम्हाला स्वातंत्र्यासाठी बोलावलं आहे, पण त्या स्वातंत्र्यानं देहवासनांना वाव मिळू देऊ नका, तर 'प्रीतीने एकमेकांचे दास व्हा.' इथे पुन्हा तेच राबण्याचं क्रियापद आहे, थोरल्या मुलाच्या तोंडचं. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं 1520 साली हे दोन वाक्यांत मांडलं: ख्रिस्ती माणूस सर्वांचा स्वतंत्र धनी आहे, कुणाच्या ताब्यात नाही, आणि ख्रिस्ती माणूस सर्वांचा चाकर आहे, सगळ्यांच्या ताब्यात आहे. तरुणपणी मला हे शब्दांचे खेळ वाटायचे.

आजोबांचे बैल आठवले की ते तसे वाटत नाहीत. बैल मालकाचे, पण आजोबा त्यांना आपले म्हणायचे. आमच्याकडे बेंदूर, बैलांचा सण, आषाढात. आदल्या दिवशी खांदेमळणी. गरम पाण्यानं बैलांचे खांदे शेकायचे, मग हळद आणि लोणी घेऊन वर्षभर जिथे जू बसतं ती जागा चोळायची. घट्टे पडलेले असत, क्वचित जखम. मी लहान असताना आजोबांनी माझा हात धरून त्या घट्ट्यावरून फिरवला होता. म्हणाले होते, सुतारानं जू नीट घासलं नाही की जनावराचा खांदा येतो. चांगलं जू असलं तर बैल दिवसभर ओढतो आणि संध्याकाळी खांदा कोरडा.

'माझे जू सोयीचे व माझे ओझे हलके आहे', असं येशू म्हणतो, तोही सुतार. त्यानं जू नाही म्हटलेलं नाही. सोयीचं म्हटलं आहे. मूळ शब्दात भलं आणि मायेचं असेही अर्थ आहेत. पपांचा शेवटचा दीड महिना मी पूर्वीचंच सगळं केलं. तेच पथ्य, तीच औषधं, तेच रात्री दोनला उठणं. काम रतीभर कमी झालं नव्हतं. पण खांदा येत नव्हता. भाऊ शेजारी होता, हेही खरं. कधी तो चिडायचा, कधी दोन दिवस गायब व्हायचा, आणि परत आला की मी त्याला चहा द्यायचे. तो चहा मी कुठल्याही वहीत लिहिला नाही.

आज तो इस्लामपूरला एका दुकानात कामाला आहे. दारू सुटली आहे, परत लागली होती, परत सुटली आहे. साताऱ्याचं घर गेलं ते गेलंच. त्या रस्त्यानं जाताना अजून माझ्या पोटात कालवतं.

मावशींचं राहिलं. शेजारच्या पोरानं पावती तिसऱ्यांदा वाचली तेव्हा त्यांनी अंगठा दिला. मी त्यांच्यासमोर लाखेचं सील फोडलं, वजन करून दाखवलं, माळ हातात दिली. त्यांनी ती तिथेच, काउंटरसमोर उभ्या राहून गळ्यात घातली. डोईवरचा पदर सारखा केला, आणि काही न बोलता गेल्या.

पुढच्या महिन्यात पाच तारखेला दुपारी पाहते तर त्या बाकावर बसलेल्या. मला वाटलं पुन्हा काही शंका आली. जवळ जाऊन म्हटलं, "मावशी, आता कशाला आलात? तुमचं काही देणं नाही राहिलं."

"ठावं हाय की," त्या म्हणाल्या. गळ्यात बोरमाळ होती. पदराच्या गाठीत या वेळी शेंगा होत्या, त्यांनी त्या माझ्या हातात ओतल्या. "देणं न्हाई म्हून यायचं न्हाई व्हय? बसा की जरा."